‘नये’ कुठे गेलं?

चाकण एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रेस-शॉपसाठी मी मोबाइल ॲप तयार केलं होतं. हे काम मी पन्नाशीत, चुकतमाकत शिकलो. डाय बदलताना ऑपरेटरच्या फोनवर लाल पट्टीत सूचना यायची : ‘प्रेस सुरू करू नये’. एकदा एका जुन्या ऑपरेटरने विचारलं, “साहेब, हे तर ‘प्रेस सुरू करू’ म्हणतंय. करू का?” मेन स्विचला कुलूप होतं, म्हणून निभावलं. (त्या कुलपाची जागा कुठलंही ॲप घेऊ शकत नाही.)

माझ्या फोनवर वाक्य पूर्ण दिसत होतं. त्याने मात्र चाळिशीमुळे अक्षरं मोठी करून घेतली होती. ‘नये’ दिसत नव्हतं. पट्टीच्या खालच्या कडेला मात्रेचं टोक तेवढं होतं. मला वाटलं, खालचं डायचं चित्र वर चढलंय. दोन दिवस मी ते चित्रच हलवत बसलो.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवलं की डेव्हलपरसाठीचे पर्याय उघडतात. त्यांत मांडणीच्या सीमा दाखवण्याची सोय आहे. ती चालू केली की प्रत्येक घटकाभोवती, एरवी न दिसणारी चौकट उमटते. बाहेर सोडलेल्या जागेवर गुलाबी छटा येते. पाहतो तर चित्राची चौकट पट्टीला शिवतही नव्हती. म्हणजे कापणारी पट्टीच!

पट्टीची उंची मी ४८ डीपी अशी बांधून टाकली होती. डीपी म्हणजे साधारण इंचाचा १६०वा भाग. अक्षरांचं माप एसपीत असतं आणि ते वापरणाऱ्याच्या पसंतीनुसार वाढतं. २०२३च्या अँड्रॉइड १४पासून दुपटीपर्यंत. अक्षरं वाढली, पट्टी तेवढीच राहिली, ‘नये’ दुसऱ्या ओळीत जाऊन कापलं गेलं. तीन टिंबंसुद्धा उमटली नाहीत.

इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो. शेपूट तुटलं तरी मनाई शिल्लक राहते. मराठीत नकार बहुधा शेवटी, म्हणजे नेमका कापला जाणाऱ्या जागी. शिवाय वर मात्रा-अनुस्वार, खाली उकार. आपल्या ओळीला उंचीही जास्त लागते.

आता ४८ ही किमान उंची आहे, पट्टी मजकुराबरोबर वाढते. वाक्यही बदललं : ‘थांबा! प्रेस बंदच ठेवा’. त्या ऑपरेटरच्या फोनवर पट्टी ऐसपैस पसरते आणि डायचं चित्र खाली सरकवून पाहावं लागतं. त्याबद्दल त्याची कुरकुर चालूच आहे.