सातवा असूनही नववा

2 ऑगस्ट 1954 ला नगर हवेलीतलं सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटलं आणि सरकारी कागदांवरच्या 'आगोस्तो'चा ऑगस्ट झाला. दोन्हींमागचा माणूस एकच, रोमचा सम्राट ऑगस्टस. इसवीसनापूर्वी 8 साली त्याचं नाव पडेपर्यंत हा महिना नुसता 'सेक्स्तीलिस', म्हणजे सहावा होता. रोमचं जुनं वर्ष मार्चात सुरू होई. पुढे वर्षारंभ जानेवारीवर गेला, तरी सप्टेंबर ते डिसेंबर या चौघांनी आपले जुने आकडे, सात ते दहा, सोडले नाहीत.

सप्टेंबर-सप्त, डिसेंबर-दश. हे जुळतं कसं?

फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी भारतात मिरीच्या खरेदीसाठी आला होता. कोची आणि गोव्यात राहून त्याने पंडितांच्या भाषेची माहिती काढली आणि 1585 च्या सुमारास मायदेशी कळवलं, की आपले कितीतरी शब्द यांच्याकडेही आहेत. देवाला दिओ, सर्पाला सेर्पे. आणि आकडे तर सप्त-सेत्ते, अष्ट-ओत्तो, नव-नोवे! साम्य दिसलं, कारण उमगलं नाही. 1588 मध्ये गोव्यातच तो वारला.

त्याच्याही आधी, 1583 मध्ये, गोव्याच्या साष्टीतल्या एका इंग्रज पाद्र्याने भावाला लिहिलं होतं, की इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. हेच पुढे 'क्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स. हाती एवढं मोठं घबाड लागलं होतं, पण राहिलं घरगुती पत्रात! शेवटी 1786 मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सने जाहीरपणे सांगितलं, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं मूळ एकच असावं, आणि ते कदाचित आता उरलेलंही नाही. म्हणजे 'डिसेंबर हा मूळचा दशांबर' हे व्हॉट्सअॅपवरचं पांडित्य सपशेल चूक. लॅटिन ही संस्कृतची लेक नव्हे, बहीण.

या गोतावळ्यात अल्बेनियनची जागा 1854 मध्ये फ्रान्झ बोपने पक्की केली. तिथल्या महिन्यांच्या नावांची तऱ्हा मला सगळ्यात आवडते. जानेवारी आणि मार्च लॅटिनकडून आले. पण फेब्रुवारी 'श्कुर्त', म्हणजे चक्क आखूड! जूनचं नाव चेरीवरून, तर जुलै 'कोर्रिक', कापणीचा. सप्टेंबरपासून मात्र त्यांनी रोमची मोजणी घेतली आणि आकडे घरचे घातले. श्तात म्हणजे सात, म्हणून श्तातोर. तेत म्हणजे आठ, म्हणून तेतोर. पुढे नन्तोर आणि ध्येतोर. रोमची चूकसुद्धा इमानाने उतरवून घेतली: 'सातवा' तिथेही नववाच येतो.

डिसेंबरचंच बोलायचं, तर नगर हवेलीची गोष्ट ज्या मराठे-पोर्तुगीज तहापासून सुरू होते, तो 17 डिसेंबर 1779 चा. पुढे पोर्तुगीज अंमलात कचेरीत 'देझेंब्रो' आणि बाजारात गुजराती 'दस', मराठी 'दहा' असे शेजारी शेजारी नांदले. स्टीफन्सचं ते पत्र छापून आलं 1957 मध्ये. तोवर सिल्वासातून पोर्तुगीज जाऊन तीन वर्षं झाली होती.