रस्ता आणि कायदा (भाग ९) : तडजोडीच्या कागदावर सही कधी करावी?

एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं अशी अपघातानंतरची कागदपत्रं कशी जमवायची, ते मागच्या भागात पाहिलं. दावा दाखल झाला की थोड्याच दिवसांत खरा पेच समोर येतो. विमा कंपनी एक आकडा सांगते. तो घ्यावा की लढावं?

उदाहरण तंजावरच्या रस्त्यावरचं घेऊ. बृहदीश्वर मंदिरातला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहायला महाराष्ट्रातून गाड्या जातात. समजा, त्यातल्या एका गाडीचा चालक सोलापूरचा, वय ३८, पगार महिना २०,००० रुपये. त्रिचीहून तंजावरला जाताना समोरून ट्रक येऊन आदळला. चालकाच्या उजव्या मांडीचं हाड मोडलं, आत रॉड बसवावा लागला. प्रवासी किरकोळ जखमांवर निभावले.

एफआयआर तमिळमध्ये, त्यामुळे घरच्यांची पहिली काळजी ही की प्रत्येक तारखेला तंजावरला जायचं का? तशी गरज नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे दावेदार राहतो तिथल्या मोटार अपघात दावा प्राधिकरणातही अर्ज चालतो, म्हणजे सोलापूरला. तमिळ कागदांचं भाषांतर मात्र करून घ्यावं लागेल. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे, तेव्हा ‘बघू पुढे’ म्हणत बसू नये.

आता आकड्याकडे वळू. वैद्यकीय मंडळाने संपूर्ण शरीराच्या हिशेबात १५ टक्के अपंगत्व लिहून दिलं. विमा कंपनीचा अधिकारी फाईल उघडतो आणि मांडणी करतो : वर्षाची कमाई २,४०,००० रुपये, वयानुसार गुणक १५, त्याचे १५ टक्के. झाले ५,४०,००० रुपये, वर औषधपाण्याचा खर्च. ऐकायला रास्त वाटतं, पण या हिशेबात दोन गोष्टी गाळल्या आहेत.

पहिली म्हणजे पुढची पगारवाढ. प्रणय सेठी खटल्यात (२०१७) सर्वोच्च न्यायालयाने चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या माणसाच्या कमाईत ४० टक्के भर धरायला सांगितली. जखमींच्या दाव्यांनाही ती लागू असल्याचं २०२० मध्ये स्पष्ट झालं. म्हणजे महिन्याचे २८,००० धरायचे. तेवढ्यानेच रक्कम ७,५६,००० होते.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. शरीर किती टक्के अधू झालं आणि कमाई किती टक्के बुडाली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालाने ते नीट सोडवून दाखवले. एखाद्याचा डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते, पण चालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते. आपल्या चालकाचा गुडघा पूर्ण वाकत नाही, ब्रेक दाबताना पाय दगा देतो. प्राधिकरणाने कमाईचं नुकसान ४० टक्के मानलं, तर रक्कम २०,१६,००० वर जाते. तोच पाय, तोच दाखला, पण सुरुवातीच्या प्रस्तावाच्या जवळजवळ चौपट.

तमिळनाडूतल्या न्यायालयांत आणखी एक रीत दिसते. कमाईला फारसा धक्का बसला नसेल, तर अपंगत्वाच्या दर टक्क्यामागे ठरावीक रक्कम देतात. दोन्ही वाटांनी पैसे मात्र मिळत नाहीत. कुंभकोणमच्या चोळन रोडवेज या सरकारी बस कंपनीच्या प्रकरणात मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००६ मध्ये सांगितलं की, कमाईचं नुकसान आणि वेदना वगैरेंची भरपाई दिल्यावर अपंगत्वासाठी वेगळा रकाना लागत नाही.

म्हणून प्रस्ताव ऐकण्याआधी आपला हिशेब तयार हवा, आणि त्यातून आपल्या बाजूचे कच्चे दुवे प्रामाणिकपणे वजा करायला हवेत. आरोपपत्र कुणावर आहे? पगार बँकेत जमा होत होता की हातात मिळत होता? डॉक्टर साक्षीला येतील का? प्राधिकरणाने आपल्या चालकाचीही २५ टक्के चूक धरली, तर २०,१६,००० चे १५,१२,००० उरतात. अशा वेळी तेरा लाख समोर आले तर विचार करावा. सात लाखांत मात्र कंपनीचाच फायदा आहे. ‘वर्षानुवर्षं लागतील’ ही भीती खरी असली, तरी प्राधिकरण अर्जाच्या तारखेपासून व्याज देऊ शकतं. तडजोडीची रक्कम बहुधा व्याज धरूनच सांगतात, तेव्हा ते आधी विचारून घ्यावं.

तडजोडीत पैसे लवकर येतात, हेही खरं. कलम १४९ खाली कंपनीचा प्रस्ताव मान्य झाला, तर प्राधिकरणाची नोंद मिळाल्यापासून तीस दिवसांत तिने रक्कम द्यायची असते. लोकअदालतीत मिटलं तर कोर्ट फीही परत मिळते. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. रॉड काढायची दुसरी शस्त्रक्रिया पुढच्या वर्षी निघाली, तरी वाढीव पैसे मागता येणार नाहीत. म्हणून हाड जुळलं, सूज ओसरली, आता यापुढे सुधारणा नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं, की मगच सहीचा विचार करावा. भविष्यातल्या शस्त्रक्रियेचा अंदाजे खर्च त्यांच्याकडूनच कागदावर घ्यावा. लोकअदालतीत ‘नाही’ म्हटल्याने काही बिघडत नाही. प्रकरण जिथून आलं तिथे परत जातं.

एक सावधगिरी. ‘मिळतील त्यातले इतके टक्के माझे’ असा करार वकिलाला नियमाने करता येत नाही. तशी बोली झाली असेल, तर सहीची घाई कुणाला आहे ते आधी ओळखावं.

पुढच्या आठवड्यात : धडक देऊन गाडी पळून गेली आणि नंबरच मिळाला नाही, तर भरपाई कुणाकडे मागायची?