वर्षाची बारा पुस्तकं, दोन लिपींत

नव्या वर्षाचे संकल्प फेब्रुवारीपर्यंत टिकत नाहीत, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आमच्या निपाणीच्या घरात गेली चार वर्षं एक संकल्प चालू आहे. घरानं मिळून वर्षाला बारा पुस्तकं वाचायची, निम्मी मराठी, निम्मी कन्नड. तीनशे पानांचं पुस्तक महिन्यात संपवायचं तर रोज दहा पानं. मालिकांमधल्या जाहिरातींच्या वेळातही तेवढी होतात.

आमची सूनबाई गोकाककडची, कन्नड माध्यमात शिकलेली. नातू इंग्रजी शाळेत. तो माझ्याशी मराठीत आणि आईशी कन्नडमध्ये तोंड भरून बोलतो. पुस्तक पुढं केलं की दोन्हीकडे अडखळतो. माळ्यावर सासऱ्यांच्या पत्रांची पत्र्याची पेटी आहे. माझ्या मुलानंतर ती पत्रं या घरात कोण वाचणार? भाषेवरून आपल्याकडे चौकात पुष्कळ भांडणं झाली. घरातली लिपी जाते ती मात्र कुणाला न कळता.

पुस्तकांची नावं आम्ही वाण्याच्या लांब वहीत लिहितो. घरी येणाऱ्या प्रत्येकानं एक नाव सांगायचं, पण स्वतः वाचलेलंच. नुसतं 'छान आहे' चालत नाही, का छान ते सांगावं लागतं. अर्धे पाहुणे इथंच चहा संपवून उठतात! नावं गोळा करायला उत्तम जागा म्हणजे कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथली ग्रामीण साहित्य संमेलनं. मंडपातली भाषणं लांबतात (आयोजकांनी रागावू नये), तेवढ्या वेळात पुस्तकांच्या स्टॉलवर चार जाणकार भेटतात. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय तर 1848 सालचं. कुठल्याही वाचनालयात पुठ्ठा नव्यानं बांधलेलं पुस्तक बघून घ्यावं. ते अनेक हातांतून गेलेलं असतं.

पहिल्या वर्षी निपाणीचेच महादेव मोरे घेतले. पिठाची गिरणी चालवत त्यांनी ड्रायव्हर, तंबाखू कामगार यांच्यावर लिहिलं. मी मोठ्यानं वाचत होते, तर सूनबाई म्हणाली, "अत्ती, ही माणसं तर आमच्या गल्लीतलीच!" पुढं जी. ए. कुलकर्णी आले. धारवाडात इंग्रजी शिकवणाऱ्या या माणसानं मराठीत कथा लिहिल्या. त्याच धारवाडात, घरी मराठी बोलणाऱ्या द. रा. बेंद्र्यांनी कन्नडमध्ये कविता केली आणि 1973 चं ज्ञानपीठ मिळवलं. नातवाला हे फार गमतीचं वाटलं.

भैरप्पांचं 'पर्व' आम्ही दोन्ही भाषांत एकदम वाचलं. सूनबाईकडे मूळ कन्नड, माझ्याकडे उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद. उमाताई माहेरच्या बेळगावच्या. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून टेप करून ठेवत आणि त्या ते ऐकून मराठीत उतरवत. 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आम्हीही तीच रीत उचलली, टेपऐवजी मोबाइलवर. सूनबाई दुपारी वाचून ठेवते, मी भाकरी थापताना ऐकते. 'पर्व'ला मात्र चार महिने लागले. एवढं जाडजूड पुस्तक एकच धरायचं की दोन, यावर घरात वाद झाला. शेवटी दोन धरलं.

नातवाची अट वेगळी. त्याला पातळ पुस्तकं हवीत आणि हिशेबात पूर्ण एक धरायला हवीत. आम्ही मान्य केलं. 'बोक्या सातबंडे' त्यानं आईला न विचारता संपवलं, जोडाक्षरांपाशी थांबत थांबत. यंदा कन्नडच्या रकान्यात दोन जागा रिकाम्या आहेत. दहा वर्षांच्या मुलाला आवडतील अशी, मोठ्या अक्षरांची कन्नड पुस्तकं कुणी वाचली असतील तर नावं जरूर कळवा. का आवडली, तेही लिहा.