नबो पर्वत आणि तेथील फरशी

यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिन्ही समाजांना वंद्य असलेल्या मोशेचा अंत नबो पर्वतावर झाला, असें बायबल सांगतें. ज्या भूमीकडे त्यानें आपल्या लोकांना चाळीस वर्षें रानांतून चालविलें, ती त्याला या शिखरावरून दाखविण्यांत आली. तींत पाऊल टाकण्याची अनुज्ञा मात्र मिळाली नाहीं. त्याची कबर कोणासही ठाऊक नाहीं, असेंही ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या शेवटच्या अध्यायांत म्हटलें आहे. मग कबर नसलेल्या जागीं लोक दीड हजारांहून अधिक वर्षें कां जात आहेत, हें आज पाहूं.

नबो हल्लींच्या जॉर्डन देशांत आहे. मादबा गांवाहून वायव्येस सुमारें दहा किलोमीटरांवर त्याचा सियाघा नांवाचा माथा लागतो. त्याची उंची अवघी ७१० मीटर. एवढ्याशा टेकडीला पर्वत कां म्हणावें, अशी शंका ऐकणारास येईल. परंतु समोरच्या मृतसमुद्राचें पाणी समुद्रसपाटीच्याही ४३० मीटरांहून अधिक खालीं आहे! म्हणजे माथ्यावरील माणसाच्या पुढें अकराशें मीटरांहून खोल उतार पसरलेला असतो. डावीकडे मृतसमुद्र, समोर यार्देन नदीचें खोरें व यरीहो, आणि त्यापलीकडे सुमारें ४६ किलोमीटरांवर डोंगरांत यरुशलेम. हवा स्वच्छ असेल तरच तें दिसतें. जाणारानें सकाळीं जावें. तेव्हां सूर्य पाठीशीं असतो.

चवथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नांवाची एक यात्रेकरू स्त्री येथें आली होती. येथें लहानसें ख्रिस्तमंदिर असल्याचें तिनें आपल्या प्रवासवृत्तांत लिहून ठेविलें आहे. पुढें सहाव्या शतकांत तें मोठें झालें, भोंवतीं मठ उभा राहिला, आणि कालांतरानें सर्वच ओस पडलें. १९३२ सालीं फ्रान्सिस्कन संघानें ही जागा घेतली व पुढच्या वर्षीं उत्खनन सुरू केलें.

तेथील उत्तम वस्तु म्हणजे रंगीत दगडी खड्यांची एक फरशी. सिंहाशीं झुंजणारे गुराखी, कुत्र्यांसह शिकारी, झाडाखालीं बसलेला मेंढपाळ, दोरीला बांधलेला शहामृग, अशीं चित्रें तिच्यांत ओळींनीं मांडलीं आहेत. ग्रीक लेखावरून ती ५३१ सालची ठरते. त्याच शतकाच्या अखेरीस मंदिर वाढवितांना तिच्यावर भर घालून वर नवी फरशी बसविली गेली. लोकांच्या दृष्टीनें जुनी नाहींशी झाली. पण त्या भरामुळेंच ती पावलांपासून, पावसापासून व मोडतोडीपासून वांचली, आणि १९७६ सालीं वरचा थर उचलतांच जवळजवळ जशीच्या तशी हातीं आली. दीर्घ दुरुस्तीनंतर २०१६ सालीं हें मंदिर पुन्हां खुलें झालें.

त्या लेखांत कारागिरांचीं नांवेंही आहेत: सोएल, कायूम आणि एलिया. आपलें काम चौदाशें वर्षांनीं कोणी पाहील, हें त्यांच्या मनांतही आलें नसेल. मोशेलाही आपल्या श्रमाचें फळ दुरूनच पाहावें लागलें. लोकांना यार्देनेपार नेलें तें यहोशवानें. शिक्षकाच्या व्यवसायांत आयुष्य गेलेल्या मला ही कथा फार जवळची वाटते. विद्यार्थी कोठवर पोंचले, हें शिक्षकालाही बहुधा दुरूनच दिसतें. नबोवर जाणारानें पश्चिमेकडे पाहावें, आणि मंदिरांतून बाहेर पडण्यापूर्वीं त्या तीन नांवांपाशीं क्षणभर थांबावें.