विजेचे गणित : एक भागाकार व एक गुणाकार

विजेच्या उपकरणावरील लहानशा पट्टीवर दोन-तीन आकडे छापलेले असतात. मुले ती पट्टी नेहमी पाहतात. परंतु तिचा अर्थ त्यांना क्वचितच सांगितला जातो. वास्तविक विद्युद्दाब व विद्युत्प्रवाह हे दोन आकडे कळले, की भागाकाराने उपकरणाचा रोध व गुणाकाराने त्याची शक्ती काढता येते. हे गणित सोपे आहे. तथापि घराची व शाळेची तारजोडणी सुरक्षित राहणे पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते.

प्रथम संज्ञा स्पष्ट कराव्यात. पाण्याची टाकी जितकी उंच, तितका नळाला पाण्याचा जोर अधिक. त्याचप्रमाणे तारेतून वीज ढकलणाऱ्या जोरास दाब म्हणतात व तो व्होल्टमध्ये मोजतात. तारेतून दर सेकंदास किती विद्युत्भार वाहतो, ते प्रवाह सांगतो. त्याचे एकक अँपिअर. अरुंद नळी जशी पाण्याला अडविते, तशी तार विजेला अडविते. हा रोध ओहममध्ये मोजतात. दर सेकंदास किती ऊर्जा खर्च होते, ती शक्ती; तिचे एकक वॅट.

रोधाच्या एककाला ज्यांचे नाव मिळाले, ते गेओर्ग झीमोन ओहम हे व्यवसायाने शिक्षकच होते. कुलपे बनविणाऱ्या कारागिराचा हा मुलगा जर्मनीतील कोलोन येथील शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. निरनिराळ्या लांबीच्या तारांवर प्रयोग करून त्यांनी आपला नियम शोधला व १८२७ साली तो ग्रंथरूपाने सविस्तर मांडला. तापमान कायम असता धातूच्या तारेतील प्रवाह हा दाबाच्या प्रमाणात वाढतो, हे त्या नियमाचे सार होय. प्रारंभी त्याची उपेक्षा झाली. परंतु १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक देऊन गौरविले.

फळ्यावर पुढील दोन सूत्रे लिहावीत :

रोध = दाब ÷ प्रवाह
शक्ती = दाब × प्रवाह

पहिले उदाहरण विजेरीचे घ्यावे. तिच्यातील दीड व्होल्टचे दोन घट मिळून ३ व्होल्ट दाब होतो. दिव्यातून ०.३ अँपिअर प्रवाह जात असेल, तर रोध ३ ÷ ०.३ = १० ओहम व शक्ती ३ × ०.३ = ०.९ वॅट.

दुसरे उदाहरण विजेच्या शेगडीचे. घरातील दाब २३० व्होल्ट व प्रवाह ५ अँपिअर असता रोध ४६ ओहम व शक्ती १,१५० वॅट येते. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. म्हणून ही शेगडी दोन तास चालल्यास २.३ युनिटे लागतील.

आता संध्याकाळी दाब १८४ व्होल्टपर्यंत उतरला असे समजावे. शेगडीचा रोध जवळजवळ तोच राहतो. प्रवाह १८४ ÷ ४६ = ४ अँपिअर होतो व शक्ती १८४ × ४ = ७३६ वॅट. दाब एक-पंचमांशाने उतरला, पण शक्ती एक-तृतीयांशाहून अधिक घटली. दाबाबरोबर प्रवाहही उतरतो, म्हणून घट दुहेरी होते. संध्याकाळी चहाला उशीर का लागतो, याचे उत्तर मुलांना येथे सापडेल.

याच गणिताची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. शेगडीच्या तारेचा एखादा जोड सैल राहिला व तेथे १ ओहम रोध उत्पन्न झाला असे मानावे. ५ अँपिअर प्रवाहास त्या जागी १ × ५ = ५ व्होल्ट दाब खर्च होतो व शक्ती ५ × ५ = २५ वॅट होते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर डाग देण्यासाठी जी तापती सळई वापरतो, तीही बहुधा २५ वॅटचीच असते. तेवढी उष्णता भिंतीतील एका बिंदूत साठली, म्हणजे तारेचे आवरण वितळण्यास वेळ लागत नाही. तसेच पाणी तापविण्याची १,५०० वॅटची सळई सुमारे ६.५ अँपिअर प्रवाह घेते. तिला ६ अँपिअरच्या जोडणीत लावणे धोक्याचे होय. वितळतार तुटली असता तिच्या जागी जाड तार बांधणे म्हणजे पहारेकऱ्यास झोपविण्यासारखे आहे.

दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. तारेचा जुना दिवा थंड असताना त्याचा रोध पेटलेल्या स्थितीपेक्षा पुष्कळच कमी असतो. म्हणून गणितातील दाब व प्रवाह दिवा पेटलेला असतानाचेच घ्यावेत. पंखा, पंप व हल्लीचे एलईडी दिवे यांची खरी शक्ती नुसत्या गुणाकारापेक्षा कमी भरते. त्यांच्या पट्टीवरील वॅटचा आकडाच प्रमाण मानावा.

प्रयोग नेहमी विजेरीच्या घटांवरच करावा. भिंतीतील विजेला मुलांचा हात लागू देऊ नये. गृहपाठ म्हणून मुलांनी घरातील उपकरणांच्या पट्ट्यांवरील आकडे दुरूनच वाचून आणावेत व कोणते उपकरण किती प्रवाह घेते, ते वर्गात काढावे. ज्या मुलाला हा भागाकार समजला, तो एकाच जोडणीवर शेगडी व इस्त्री लावणाऱ्या वडीलधाऱ्यांस वेळीच सावध करील.