बुरुजावरून जिना काढून नेला तर?

नळदुर्गचा किल्ला तुम्ही पाहिला असेल, तर बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल पाहून झाल्यावर उपळी बुरुजावरही चढला असाल. आता कल्पना करा, तुम्ही माथ्यावर असताना कोणी तरी बुरुजाच्या पायऱ्या उचलून तटापलीकडे नेऊन ठेवल्या. पायऱ्या फुटल्या नाहीत, हरवल्या नाहीत. पण त्या आणायला खाली उतरले पाहिजे, आणि उतरायला पायऱ्याच हव्यात!

संगणकावर अशी फजिती खरोखर होते. समजा, नळदुर्गच्याच एखाद्या शाळेत तुम्ही संगणकापुढे बसला आहात. त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. (हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला, तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता.) दहावीच्या मुलांचे वर्षभराचे प्रकल्प याच संगणकात आहेत. आवराआवर करावी म्हणून तुम्ही सर्वाधिकार असलेली आज्ञा-खिडकी उघडता आणि घाईघाईत ‘यूएसआर’ नावाचा कप्पा ‘जुने’ या कप्प्यात हलवता. क्षणात काम होते. पण पुढे जवळजवळ कोणतीही आज्ञा द्या, उत्तर एकच: अशी फाइल नाही! कप्पा परत आणायचा, तर हलवण्याची ‘एमव्ही’ ही आज्ञा हवी. ती कोठे आहे? ‘यूएसआर’च्या पोटात.

येथे बहुतेक जण घाबरून संगणक बंद करतात. नेमके तेच करू नये. का, ते पाहू.

चकतीवर प्रत्येक फाइलीला एक क्रमांक असतो. कप्पा म्हणजे नावे आणि क्रमांक यांची नुसती यादी. चकतीच्या एकाच विभागात फाइल हलवली, म्हणजे एका यादीतले नाव खोडून दुसऱ्या यादीत लिहिले, एवढेच. मजकूर जागचा हलतही नाही. शिवाय जो प्रोग्राम आधीच चालू आहे, त्याने आपल्या फायली क्रमांकावरून धरून ठेवलेल्या असतात. त्याला नावाशी कर्तव्य नसते. म्हणून तुमची उघडी खिडकी अजून जिवंत आहे. ती बंद केलीत, की संपले.

मग ‘एमव्ही’ला तिच्या नव्या पत्त्यावरून हाक मारली तर? गंमत अशी, की तरीही ‘अशी फाइल नाही’ हेच उत्तर येते, आणि फाइल तर समोर असते! खरी हरवलेली असते दुसरीच. बहुतेक प्रोग्राम एकटे चालू शकत नाहीत. त्यांना लागणारी सामाईक भांडारे शोधून जोडून देणारा एक छोटा प्रोग्राम असतो. त्याला आपण जोडणीदार म्हणू. त्याचा पत्ता प्रत्येक प्रोग्राममध्ये कायमचा कोरलेला असतो, आणि तो ‘लिब’ किंवा ‘लिब६४’ कप्प्यातला असतो. आजच्या बहुतेक लिनक्समध्ये ‘लिब’ म्हणजे ‘यूएसआर’कडे बोट दाखवणारा दुवा. बोट आहे, पण ज्याकडे दाखवायचे तेच जागेवर नाही.

तेव्हा हाक जोडणीदारालाच मारायची. त्याचा नवा पूर्ण पत्ता, पुढे भांडारांचा नवा पत्ता, त्यापुढे ‘एमव्ही’चा नवा पत्ता, आणि शेवटी काय कोठे न्यायचे ते. एका ओळीची आज्ञा. पण पायऱ्या परत जागेवर येतात.

याहून बिकट प्रसंग मँचेस्टर विद्यापीठात १९८६ साली घडला. यंत्र व्हॅक्स होते आणि प्रणाली युनिक्स, म्हणजे लिनक्सने जिचा कित्ता गिरवला ती. तेथे फायली हलल्या नव्हत्या. चुकीच्या आज्ञेने महत्त्वाचे कप्पेच्या कप्पे पुसले गेले होते. मारिओ वोल्झको यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. त्यांनी यंत्र बंद केले नाही. एका पडद्यावर ‘ईमॅक्स’ हा लेखनाचा प्रोग्राम उघडा राहिला होता. शेजारच्या व्हॅक्सवरून फायली आणायच्या, तर आधी ‘ईटीसी’ हा कप्पा हवा, आणि कप्पा तयार करणारी आज्ञा नाही! मग त्या मंडळींनी तेवढ्याच कामापुरता इवलासा प्रोग्राम यंत्रभाषेत रचला आणि ईमॅक्समधून त्याचे अंक हाताने भरले. कप्पा तयार झाला आणि पुढची वाट मोकळी झाली.

आणि संगणक बंद करून बसला असाल तर? सुरू केल्यावर ‘बूट’ कप्प्यातून गाभा स्मृतीत येतो, कारण तो कप्पा जागेवरच आहे. गाभा मग ‘इनिट’ हा पहिला प्रोग्राम शोधतो, तो सापडत नाही, आणि गाडी तेथेच अडते. अशा वेळी पेन ड्राइव्हवरचे लिनक्स वापरतात. संगणक त्यावरून सुरू करायचा, आतल्या चकतीचा विभाग जोडून घ्यायचा, ‘जुने’मधला ‘यूएसआर’ मूळ जागी हलवायचा, विभाग सोडवायचा आणि पेन ड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करायचा. जणू तटाबाहेरून कोणी शिडी घेऊन आले! मात्र पडद्यावर ‘न बसवता वापरून पाहा’ हाच पर्याय निवडा. ‘बसवा’ निवडून पुढे पुढे जात राहिलात, तर दहावीचे प्रकल्प खरोखरच जातील.

क्रमांकाची गोष्ट पटत नसेल, तर आपल्या स्वतःच्या कप्प्यात एक छोटी फाइल तयार करा. ‘एलएस’ आज्ञेला ‘आय’ हा पर्याय जोडून तिचा क्रमांक वहीत टिपा. ती त्याच चकतीवर दुसऱ्या कप्प्यात हलवा आणि क्रमांक पुन्हा पाहा. मग तिची नक्कल करून त्या नकलेचाही क्रमांक पाहा.