शिक्कामोर्तब आणि थैली

मराठेशाहीतील पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपताच तळाशी मोर्तब उमटवीत. शिक्क्यावरून पत्र कोणाचे हे कळे. मोर्तबामुळे त्याखाली आणखी ओळ घुसडता येत नसे. एवढे करूनही ते थैलीत बंद करून धाडीत; कारण पत्र खरे ठरणे निराळे आणि वाटेत कोणी ते न वाचणे निराळे. शिक्कामोर्तब हा शब्द आपल्या तोंडी आजही आहे. थैलीचा मात्र आपल्याला विसर पडत चालला आहे.

आमच्या लिंबायतीतील पुष्कळ मराठी कुटुंबे खानदेशातून आलेली. उधन्याहून निघणारी ताप्ती लाईन ज्या नंदुरबारवरून जाते, त्याच जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक रंजना सोनवणे यांना मिळाला. पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग त्या वेळी उपस्थित होते.

या क्रमांकाची मूळ पडताळणी मोठी मितभाषी आहे. यंत्रावर बोट टेकविले की मध्यवर्ती भांडाराला एवढेच विचारले जाते, की ही व्यक्ती तीच काय? उत्तर येते 'होय' किंवा 'नाही'. 'ई-केवायसी' या दुसऱ्या प्रकारात मात्र नाव, पत्ता, छायाचित्रही पुढे जाते. आणि आपण काय करतो? जो मागेल त्याच्या हाती संपूर्ण कार्डाची झेरॉक्स ठेवतो! शेवटचे चारच अंक दाखविणारे कार्ड काढता येते. २०१८ पासून मूळ क्रमांकाऐवजी सोळा अंकी तात्पुरता क्रमांकही देता येतो. कष्टकऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजून यंत्र 'नाही' म्हणते, तेव्हा खरा माणूस खोटा ठरतो, हे दुःख वेगळेच.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. (आणीबाणीतील १९७६ च्या ज्या निकालात यशवंतराव चंद्रचूड सहभागी होते, तो चुकीचा असल्याचे याच वेळी त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले.) २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने आधार योजना कायम ठेवली, परंतु शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचे करता येणार नाही, असेही बजावले. प्रवेशाच्या दिवसांत झेरॉक्सची चळत घेऊन रांगेत उभे राहणाऱ्या पालकांना आम्ही हे आवर्जून सांगतो. कागद नाही म्हणून मूल परत जाता कामा नये.

आता वाहनांकडे वळू. मोटारीच्या काचेवरील फास्टॅग टोलनाक्याला आपला क्रमांक सांगतो; गाडी कोणत्या नाक्यावरून केव्हा गेली याची नोंद राहते. याहून पुढची पायरी म्हणजे गाड्यांनी आपसांत बोलणे. प्रत्येक गाडी सेकंदाला सुमारे दहा वेळा आपली जागा व वेग जाहीर करते, म्हणजे टक्कर टळते. असा संदेश कोणी खोटा धाडला तर अनर्थ. म्हणून त्याखाली सही हवी. पण सही रोज तीच राहिली, तर मालक कोठे कोठे फिरला याचा माग कोणालाही काढता येईल. अमेरिकेत आखलेल्या व्यवस्थेत यावर तोड काढली आहे. गाडीला अनेक तात्पुरती टोपणनावे मिळतात व ती बदलत राहतात. गाडी ओळखणाऱ्या खात्याला टोपणनावे दिसत नाहीत. टोपणनावे देणाऱ्या खात्याला गाडी ठाऊक नसते. एखादी गाडी खोटे संदेश धाडू लागली, तरच ही खाती आपापली माहिती जुळवून तिच्यापर्यंत पोहोचतात.